पॅरिसचा निबंध

आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेत देविदास आडे सरांवर सहा ओळी छापून आल्या. 'फ्रेंच विषयाचा सलग आठ वर्षे उज्ज्वल निकाल', 'विद्यार्थिप्रिय', 'मितभाषी' असं काय काय. फोटोखाली नाव भलत्याच माणसाचं. मी त्या कॉलेजात सव्वीस वर्षं कारकून होतो. निकालाचे तक्ते माझ्याच हातानं टाइप झालेले आहेत, तेव्हा उज्ज्वल म्हणजे काय ते मला विचारा. आणि मितभाषी? त्या माणसाइतका बोलका माणूस आमच्या जवळा बाजार गावात दुसरा नव्हता. त्याला गप्प आम्ही केलं. त्यात माझाही हात होता, म्हणून त्या सहा ओळी वाचून मला जास्त राग आला.

सर शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायचा. बाप, हरिचंद, हैदराबादेत इमारतींवर विटा वाहायचा. मॅट्रिक झाल्यावर देविदासही वसमतहून मीटर गेजच्या गाडीत बसून बापामागं गेले. ओझी वाहण्यात तिसरी पिढी जायची, पण एका फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत शिपायाची जागा मिळाली. खडू-डस्टर मांडायचं, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं. तिथं एक म्हाताऱ्या बाई शिकवायच्या. सगळे त्यांना बेगम मॅडम म्हणत. तास सुरू झाला की त्या पुस्तक उघडायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "कल क्या किया? फ्रेंच में बोलो."

एकदा पाण्याचा जग ठेवायला गेलेल्या शिपायालाही त्यांनी गमतीनं हाच प्रश्न टाकला. वर्ग हसला. देविदासनं जग खाली ठेवला आणि फ्रेंचमध्ये सांगितलं, "काल मी दोन खोल्या झाडल्या. बापाला डबा नेला. बाप झोपला होता. मी परत आलो." दाराआड उभं राहून वर्षभर जे ऐकलं होतं ते असं बाहेर पडलं. हसणं बंद झालं. मॅडमनी त्याला बाकावर बसवलं, ते एम.ए. होईपर्यंत उठू दिलं नाही. त्या म्हणायच्या, "आनेवाले कल की तो हर कोई फेंकता है, देविदास. जिसने अपना गुज़रा हुआ कल सही-सही बताया, ज़बान उसी को आई."

शहाण्णव साली हा माणूस आमच्या कॉलेजात आला. कॉलेजाला फ्रेंचचं प्रेम उतू चाललं नव्हतं. मोठ्या शहरांतली पोरं बारावीला मराठी-हिंदी सोडून फ्रेंच घेतात आणि पंचाण्णव मार्क पाडतात, हे प्राचार्यांच्या कानावर आलं होतं. मराठीत कितीही लिहा, साठाच्या वर हात जात नाही. फ्रेंचमध्ये पडत्या फळासारखे मार्क. मग फ्रेंच शिकवणारा शोधा म्हणून हाकाटी झाली, आणि फ्रेंच एम.ए. झालेला माणूस आठ कोसांवरच्या तांड्यावरच निघाला. जागा मंजूर नव्हती, तासावर नेमणूक होती, आणि विद्यार्थी टिकले तरच नोकरी टिकणार होती. सर तरीही हरखून आले. बायको शिला, सात-आठ वर्षांची लेक निलम आणि म्हातारी आई भिकाबाई यांना घेऊन बाजारामागच्या दोन खोल्यांत राहायला आले.

माझं ऑफिस आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही वरून उघडी. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी फुकटात फ्रेंच ऐकलं. पहिल्याच आठवड्यात सर भूतकाळावर आले. प्राचार्य म्हणाले, आधी मुळाक्षरं तरी घ्या. सर म्हणाले, "मुळाक्षरं येतील मागून. लेकरायला सांगायला तर कायतरी पाहिजे."

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी. फळ्यावर लिहायचे, 'मी भाकर खाल्ली.' विचारायचे, "हे गडी म्हणला का बाई म्हणली, वळखा." कुणाला ओळखू यायचं नाही. मग लिहायचे, 'मी गेलो' आणि 'मी गेले'. "आता?" सगळा वर्ग ओरडायचा. "बस. फ्रेंचवाल्यायचं बी असंच हाय. खाल्लं, पाह्यलं, विकलं, वेचलं, ह्या कामायला 'जवळ असणं' हे क्रियापद मदतीला घेतेत. तिथं गडी का बाई कोनी इचारत न्हाई. पन जाणं, येणं, जल्मणं, मरणं, इथं माणूस सोताच हलून राहिला. त्याला 'असणं' हे मदतीला. आन् तिथं बाई हाय का गडी, ते शेवटी दाखवा लागते." पॅरिसातल्या माणसाचं आणि आपलं व्याकरण एका जागी तरी जुळतं याचा त्या पोरांना कोण आनंद झाला होता. मलाही झाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग भाकर खाऊन घ्या.

मग ते तांड्यावरची रीत सांगायचे. तांड्यावरच्या बाया फार दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात गळा घालून रडतात. नुसतं रडत नाहीत. मधल्या काळात काय काय झालं ते रडता रडता सुरात एकमेकींना सांगतात. कोण गेलं, कोण जन्मलं, गाय कधी व्याली, पाणी कुठून आणलं. बाहेरच्याला वाटतं कुणीतरी मेलं. सर म्हणायचे, "माही माय ह्याच्यात एक नंबर. दोन वर्सांचा हिशोब अर्ध्या घंट्यात रडून देते, एक गोष्ट सुटत न्हाई. तुमी रडू नका, पन सांगा तसं." आणि पोरं सांगायची. मोडक्या-तोडक्या फ्रेंचमध्ये, काल मी कापूस वेचला, काल म्हैस हरवली, काल मामा आले आणि भांडून गेले. भिंतीपलीकडं हशा चालायचा. आमच्या कॉलेजात वर्गातून हशा ऐकू यायचा तो त्या एकाच तासाला.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये पहिल्या तुकडीचा निकाल लागला आणि आमचं हसं झालं. बेचाळीस पोरांत साठाच्या वर पाच. चौदा नापास. पोरांनी निबंधात आपापल्या म्हशी आणि मामा घातले होते, आणि तीन ओळींत चार चुका केल्या होत्या. शिकत्या लेकराच्या चुका. आणखी दोन वर्षं मिळाली असती तर त्या गेल्याही असत्या. पण दोन वर्षं कुणाला होती? माझ्या स्वतःच्या पोराला अडतीस मार्क पडले होते. त्याचं पॉलिटेक्निक हुकलं.

प्राचार्यांच्या खोलीत पालक जमले. सर उभे, बाकी सगळे बसलेले. एक म्हणाला, "म्हशीचं फ्रेंच शिकवायला ठेवलं का ह्यांना?" सर शांतपणे म्हणाले, "लेकरं बोलून राहिली व्हती हो." त्यावर मी उठलो. कारकुनानं तिथं बोलायचं कारण नव्हतं, पण मी बाप म्हणून बोललो. "सर, आमच्या पोरायला फ्रान्सला न्हाई जायचं. मार्क पाह्यजेत. तुमी एकच निबंध सोता लिवून द्या, बिनचूक. सगळे पाठ करतील. इषय कोन्ताबी येवो, तोच घुसडायचा." खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. प्राचार्य म्हणाले, "तातेराव कामाचं बोलले." पुढच्या वर्षी निकाल लागला नाही तर फ्रेंच बंद, हे त्यांनी तिथंच सांगून टाकलं. फ्रेंच बंद म्हणजे सर बंद.

ती अक्कल माझी होती. कुणाला आज आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आठ दिवसांनी सरांनी निबंध आणून दिला. पंधरा वाक्यं. मी ती सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली, शाईनं हात काळे करून. मराठीत सांगायचं तर असं होतं ते: गेल्या सुट्टीत मी बाबांबरोबर पॅरिसला गेलो. आम्ही विमानानं गेलो. आम्ही एका सुंदर हॉटेलात राहिलो. मी आयफेल टॉवर पाहिला. मी आइस्क्रीम खाल्लं. पाऊस पडला. आम्ही नदीकाठी फिरलो. मी आनंदानं घरी परत आलो. पोरींच्या कागदावर काही ठिकाणी एकेक अक्षर जास्त. सरांनी पॅरिस पाहिलं नव्हतं, विमानही पाहिलं असेल ते आभाळात. मी विचारलं, "सर, पॅरिसच काहून?" ते म्हणाले, "खोटंच सांगायचं तर लांबचं सांगावं. जवळचं खोटं सांगायला लाज वाटते."

निबंध कुठंही बसायचा. विषय 'माझी सुट्टी' आला तर जसाच्या तसा. 'माझा मित्र' आला तर बाबांच्या जागी मित्र. 'पावसाळा' आला तर पाऊस पडला हे वाक्य वर घ्यायचं. नदीवर निबंध आला की गाय नदीकाठी नेऊन बांधायची, हा आपल्याकडचा जुनाच धंदा. नव्व्याण्णव साली निकाल लागला. त्याच वर्षी हिंगोली जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या पेपरांना छापायला बातम्या हव्या होत्या. 'जवळा बाजारच्या मुलांची फ्रेंचवर मात.' सरासरी एक्क्याण्णव. पहिला आलेला दिपक कऱ्हाळे, शहाण्णव मार्क. याच्या बापानं नांदेडच्या पुढं पाय टाकला नव्हता आणि पोरगं कागदावर आयफेल टॉवरवरून उतरत होतं.

मग काय विचारता! वारंगा फाट्याहून, कळमनुरीकडून पोरं एसटीनं यायला लागली. तुकड्या दोनाच्या तीन झाल्या. लोक त्यांना 'पॅरिस सर' म्हणायला लागले, आणि ते कौतुकानं म्हणायचे हेच जास्त वाईट. भिंतीपलीकडून आता हशा येत नव्हता. सत्तर पोरं एका आवाजात पंधरा वाक्यं म्हणायची, पाढ्यासारखी. कुणी मध्येच स्वतःचं वाक्य जोडलं की सर नुसतं "न्हाई" म्हणायचे. सहा-सात वर्षांत त्या माणसाच्या तोंडून वर्गात दुसरं फारसं काही निघालं नाही. मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसायचे, चहा प्यायचे, उठून जायचे. आमच्या स्मरणिकेला हाच मितभाषीपणा वाटला.

दिपक कऱ्हाळे तेवढ्यात बाहेरून परीक्षा देऊन, गाइडं पाठ करूनच, फ्रेंचचा पदवीधर झाला आणि दुसऱ्या एका गावी कॉलेजात शिकवायला लागला. तिथंही तोच निबंध. पोरगं वाईट नव्हतं. दर वर्षी सरांच्या पाया पडायला यायचं. त्याला खरंच वाटायचं की फ्रेंच म्हणजे ती पंधरा वाक्यं आणि पुढचे-मागचे प्रश्न.

खरं फ्रेंच उरलं ते सरांच्या घरात. रोज संध्याकाळी जेवणं झाली की सर निलमला बेगम मॅडमचा प्रश्न विचारायचे: आज काय केलंस? निलम सांगायची. सुरुवातीला दोन वाक्यं, मग दहा, मग तिला आवरावं लागायचं. भिकाबाई शेजारी बसून ऐकायच्या. आपल्या बोलीत त्या तांड्यावरच्या जुन्या गोष्टी सांगायच्या आणि नात ते बापाला फ्रेंचमध्ये करून दाखवायची. मी एकदा गेलो होतो तेव्हा म्हातारी मला म्हणाली, "तातेराव, हे लेकरू कावळ्यावानी काय बोलते कळत न्हाई, पन माहं नाव मधी मधी येते." आणि पदराआड हसली. सरांचा चेहरा त्या वेळी मी वर्गात कधीच पाहिला नव्हता असा होता.

निलम आमच्याच कॉलेजात बारावीपर्यंत आली. हुशार होती आणि तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. त्या वर्षांत आमच्याकडं डी.एड. म्हणजे सोन्याची खाण. बारावीच्या मार्कांवर यादी लागायची, यादीत नाव आलं की दोन वर्षांत शाळेवर नोकरी. एकेका मार्कासाठी घरं देव पाण्यात ठेवून बसायची. निलमची तयारी पक्की होती. फ्रेंचमध्ये तर तिला शंभरातले शंभर पडले तरी मला नवल वाटलं नसतं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत भिकाबाई गेल्या. तांड्यावर नेऊन सगळं केलं. चहूकडून बाया आल्या आणि त्यांनी म्हातारीचं आयुष्य रडून सांगितलं. मी तिथं होतो. बोली मला अर्धीच कळत होती. निलम एका कडेला बसून ऐकत होती, तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला वाटलं, आजकालची पोरं दगड असतात.

महिन्या-दीड महिन्यानं परीक्षा. फ्रेंचच्या पेपराच्या आदल्या दिवशी सरांनी निलमला बजावलं, "निबंधाला पॅरिसच लिही. दहा मार्काचा हाय. डाव खेळायचा न्हाई." ती म्हणाली, "बा, मी कवा गेले पॅरिसला?" सर म्हणाले, "गप लिही. डी.एड. लागू दे, मंग आयुष्यभर खरं बोल." हे सगळं त्यांनीच मला मागाहून सांगितलं.

पेपरात विषय आला, 'न विसरता येणारा दिवस'. आमची सत्तरच्या सत्तर पोरं पॅरिसला गेली. निलम गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले ते धावतच. दार लावून घेतलं. म्हणाले, "तातेराव, पोरीनं माह्या मायवर लिवलं." मी म्हणालो, "पॅरिस काहून न्हाई लिवलं?" त्यांनी ऐकलंच नाही. रात्री निलमनं सगळा निबंध त्यांना म्हणून दाखवला होता, तो त्यांनी मला मराठीत सांगितला. मला आजही पाठ आहे. "माझी आजी जानेवारीत मेली. ती वाटेवर जन्मली होती, बैलांच्या मागं. ती चालत इथं आली. तिनं सात लेकरं जन्माला घातली, चार गेली. बाया आल्या आणि त्यांनी हे सगळं रडून सांगितलं. मी ऐकलं. मी रडले नाही, कारण मला सगळं ध्यानात ठेवायचं होतं."

"एक चूक न्हाई," सर म्हणाले. "गेली, आली, जल्मली, मेली, सगळं बराबर. एक अक्षर इकडं-तिकडं न्हाई. तातेराव, इतक्या वर्सांनी कोन्या परीक्षकाला खरं वाक्य वाचायला भेटंल. तो खुर्चीतून उठंल पाहा!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी मनात म्हणालो, दगड ती नाही, मीच. पण तोंडानं मी एवढंच म्हणालो की पॅरिस लिहिलं असतं तर काळजी नव्हती.

निकाल लागला. तक्ता माझ्यापुढंच आला. आमच्या पोरांना फ्रेंचमध्ये ब्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. निलमला अठ्ठ्याऐंशी. मी आकडा तीनदा पाहिला. बेरजेत चूक असेल म्हणून पडताळणीचा अर्ज भरला, मीच भरला. उत्तर आलं, बेरीज बरोबर आहे. गुण पुन्हा तपासून मिळत नव्हते, फक्त बेरीज तपासून मिळायची. जुलैत डी.एड.ची यादी लागली. विमुक्त जातींच्या यादीत शेवटचं नाव आलेली पोरगी निलमच्या वर सहाशेपैकी पाच मार्कांनी होती. पाच! आमच्याच कॉलेजातल्या, पॅरिसला जाऊन आलेल्या दोन पोरी यादीत होत्या. पैसे भरून प्रवेश देणारी कॉलेजं होती, पण तासावर शिकवणाऱ्या माणसाच्या ती आवाक्यात नव्हती.

सर महिनाभर एकच विचारत होते, "मार्क कापले कुठं?" त्यांनी तो पेपर मनातल्या मनात शंभरदा तपासला असेल.  निलमनं शेजारच्या लेकरांच्या शिकवण्या घ्यायला सुरुवात केली होती.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी त्यांच्याकडं बसलो होतो, आणि दिपक कऱ्हाळे पेढ्यांचा पुडा घेऊन आला. सरांच्या पाया पडला, माझ्याही पडला. चेहरा फुललेला. "सर, यंदा पयल्यांदा बोर्डाचे पेपर तपासायला बोलावलं मला. तुमचं नाव काढलं." सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं आम्हा दोघांच्या हातावर पेढे ठेवले. मी माझा खाऊन टाकला. निलम आत चहा करत होती.

गप्पा निघाल्या. किती पेपर, कुठं बसवलं, जेवण कसं होतं. दिपक रंगात आला. "एक मजा सांगतो सर. सगळे पेपर आपल्याच वळणाचे, सटासट तपासून राहिलो. एक पेपर असा आला, बाकी सगळं टकाटक, आन् निबंधातच लेकरू येडं झालं. पॅरिसचं नाव न्हाई. आजी काय, बैल काय, कोन मेलं काय! अर्धे शब्द तर मी कवा वाचलेले न्हाईत. मी म्हणलं, हे आपल्या वहीत न्हाई, म्हंजे चूकच. दहापैकी दोन देले. अक्षर चांगलं व्हतं म्हणून दोन, न्हाईतर एकबी दिला नसता."

मी सरांकडं पाहिलं. ते दिपककडं पाहत होते, अगदी लक्ष देऊन, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसे. हातातला पेढा तसाच होता.

निलम चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली, कप दिपकसमोर ठेवला, आणि त्याच्याकडं सरळ बघत फ्रेंचमध्ये एक वाक्य बोलली. छोटंसंच होतं. आवाज चढला नव्हता.

दिपक गोंधळला. त्यानं हसून सरांकडं पाहिलं. "काय म्हणली सर? लईच झटक्यात बोलली."

सरांनी हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाले, "चहा घ्या म्हणली. थंड व्हायलाय."

"व्वा!" दिपक म्हणाला. "तुमच्या घरात चहाबी फ्रेंचमधी!" आणि त्यानं कप उचलला. निलम तिथंच उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं, आणि आत गेली.

दिपक गेल्यावर सर मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "सर, पोरगी काय म्हणली व्हती?"

"म्हणली, ते मी लिवलं व्हतं."

"मंग तुमी तसं काहून न्हाई सांगितलं? अजूनबी बोर्डात जाता येईल. परीक्षकाचं नाव कळलं, त्यानं तोंडानं कबूल केलं. चला उद्या, मी येतो संगं." माझं डोकं तापलं होतं. दिपकला बोलावून दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटत होतं.

सर म्हणाले, "जाऊन काय सांगू? ते इचारतील, ह्या परीक्षकाला फ्रेंच कोनी शिकवलं. आठ वर्सांचे निकाल बाहेर काढतील. दिपकची नोकरी जाईल, माही जाईल. आन् पोरीच्या डी.एड.ची यादी तर कवाच बंद झाली." मग म्हणाले, "त्याला मीच शिकवलं, तातेराव. जसं शिकवलं तसं त्यानं तपासलं."

तुम्ही एकट्यानंच नाही शिकवलं, एवढं तरी मी तेव्हा म्हणायला हवं होतं. त्या खोलीत उठून कोण बोललं होतं ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.  ते वाट बघत होते असं मला आज वाटतं, पण तेव्हा मी खाली बघत उभा राहिलो.

मागं चपला वाजल्या. निलम आली होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. त्या घरात बापलेक आपसांत एकतर तांड्याच्या बोलीत बोलायचे नाहीतर फ्रेंचमध्ये. मराठीत ते आमच्यासारख्या बाहेरच्यांशी बोलायचे. निलम सरांना मराठीत म्हणाली, "चला. चहा थंड व्हायलाय."